बारा सेकंदांच्या आधीचा एक चुकीचा आकडा

दरवर्षी 17 डिसेंबर जवळ आला की अमेरिकेतल्या किटी हॉकच्या वाळूवरून नुकतेच उचललेल्या विमानाचे ते जुने छायाचित्र पुन्हा फिरू लागते: खालच्या पंखावर पालथा पडलेला ऑर्व्हिल आणि बाजूने धावणारा विल्बर. 1903 सालचे ते पहिले उड्डाण 12 सेकंदांचे आणि 120 फुटांचे होते, आणि त्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण माझ्या मते राइट बंधूंचे खरे काम त्याच्या दोन वर्षे आधी, 1901 च्या हिवाळ्याच्या तोंडावर, डेटन गावातल्या त्यांच्या सायकलच्या दुकानात झाले, आणि त्याचे असे गाजलेले छायाचित्र नाही.

1901 च्या उन्हाळ्यात त्यांनी किटी हॉकजवळच्या टेकड्यांवर नेलेल्या ग्लायडरने, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाने, त्यांची पार निराशा केली होती. गणिताने जेवढी उचल, म्हणजे वाऱ्यामुळे पंखांना मिळणारा वरचा जोर, मिळायला हवी होती, तिच्या साधारण एक तृतीयांशच प्रत्यक्षात मिळत होती. परतताना विल्बर भावाला म्हणाला होता की आणखी 50 वर्षे तरी माणूस उडणार नाही. ही गोष्ट त्याने पुढे स्वतःच भाषणात कबूल केली.

गणित मात्र घरचे नव्हते. पंखांच्या उचलेचा तक्ता ओटो लिलिएन्थाल या जर्मन अभियंत्याचा होता, ज्याने सुमारे 2000 वेळा ग्लायडरमधून झेप घेतली आणि 1896 च्या ऑगस्टमध्ये अशाच एका झेपेत कोसळून प्राण गमावले. त्या तक्त्याला जोडून एक गुणांक वापरावा लागे. एक चौरस फुटाच्या सपाट फळीवर ताशी एक मैल वेगाचा वारा समोरून आदळला तर किती पौंड दाब पडतो, त्याचा हा आकडा. तो 0.005 असा धरला जाई आणि जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याच्या नावाने ओळखला जाई. स्मीटनने तो 1759 मध्ये, पवनचक्क्यांवरील निबंधात प्रसिद्ध केला होता. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे जुना आकडा, आणि पुस्तकामागून पुस्तकात तोच उतरवला जात होता.

हे वाचताना मला माझी अभियांत्रिकीची प्रयोगशाळा आठवते आणि थोडी लाजही वाटते. आमच्या वर्गात प्रयोगाची रीडिंग मागच्या वर्षाच्या जर्नलमधून छापली जात, आणि एखाद्याचे रीडिंग खरोखरच वेगळे आले तर चूक त्याचीच, हे त्याच्यासकट सगळ्यांनी गृहीत धरलेले असे. मीही असे एक वेगळे रीडिंग खोडरबराने पुसून ‘बरोबर’ केले होते. उपकरण बिघडले होते की जर्नल चुकीचे होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

राइट बंधूंनी खोडरबर उचलला नाही. सप्टेंबर 1901 मध्ये शिकागोच्या अभियंत्यांसमोर विल्बरने रूढ आकड्यांवर जाहीर शंका घेतली आणि त्यानंतर दोघे भाऊ ती शंका तपासायला बसले. आधी सायकलच्या हँडलवर एक मोकळे चाक आडवे बसवून, त्यावर एक सपाट आणि एक बाकदार तुकडा लावून, जोरात सायकल हाकत त्यांनी अंदाज घेतला. मग सहा फूट लांब आणि 16 इंच चौरस तोंडाची लाकडी पेटी बनवली, म्हणजेच वारा सोडून पंखांचे छोटे नमुने तपासायचा विंड टनेल. तिच्यातला पंखा दुकानातली यंत्रे फिरवणाऱ्या दांड्यावरच चाले. उचल मोजायचा तराजू त्यांनी करवतीच्या जुन्या पात्यांचे तुकडे आणि सायकलच्या स्पोकची तार जोडून तयार केला. वारा ताशी किती मैलांचा आहे याची अचूक खात्री नसली तरी चालावे, म्हणून त्या तराजूत पंखाची उचल थेट सपाट पट्ट्यांवरील दाबाशी तोलली जाई. मला या तराजूचे इंजिनापेक्षाही अधिक आश्चर्य वाटते. दीडशे ते दोनशे छोटे पंख त्यांनी प्राथमिक चाचण्यांत पाहिले आणि त्यांतले पन्नासेक काटेकोरपणे मोजले.

निकाल गमतीशीर निघाला. ज्याच्यावर मुख्य संशय होता तो लिलिएन्थाल बराचसा निर्दोष ठरला. त्याचा तक्ता विशिष्ट आकाराच्या पंखासाठी होता आणि तेवढ्यापुरता तो ठीक होता. दोष मुख्यतः त्या वडिलोपार्जित 0.005 चा होता, कारण खरा आकडा 0.0033 च्या आसपास होता. याहून विचित्र गोष्ट अशी की सॅम्युएल लँग्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1891 मध्येच जवळपास बरोबर आकडा मोजून छापला होता, तरी सरकारचे 50,000 डॉलर आणि 52 अश्वशक्तीचे उत्कृष्ट इंजिन हाताशी असूनही त्यांचे विमान 1903 मध्ये दोनदा पोटोमॅक नदीत पडले. राइटांचे इंजिन जेमतेम 12 अश्वशक्तीचे होते. पण लांब, अरुंद पंख जास्त उचल देतात हे त्यांना पेटीतून कळले होते, प्रोपेलर म्हणजे फिरणारा पंखच हे ओळखून त्यांनी त्याचेही गणित त्याच आकड्यांवर मांडले होते, आणि तोल सावरण्याचा सराव 1902 च्या ग्लायडरवर शेकडो वेळा केला होता.

प्रतिक्रियांत शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव येईलच, म्हणून आताच लिहितो. 1895 मध्ये त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याचे सांगितले जाते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 मध्ये ‘वैमानिक शास्त्र’ हा, अशा दाव्यांसाठी प्राचीन आधार म्हणून दाखवला जाणारा ग्रंथ, तपासला तेव्हा तो ग्रंथ 1904 च्या आधीचा नसल्याचे आणि त्यातली विमाने उडू शकत नसल्याचे दिसले. तळपद्यांच्या जिज्ञासेबद्दल मला आदर आहे, पण वजन, उचल आणि वेग नोंदवलेली त्यांची वही समोर येईपर्यंत मी त्या उड्डाणाला इतिहास म्हणणार नाही.

डेटनमधल्या त्या चाचण्या 1901 च्या डिसेंबरातच थांबल्या. राइट बंधूंचे हितचिंतक असलेले ज्येष्ठ अभियंते ऑक्टेव्ह शनूट यांनी एखाद्या धनिकाकडून पैसे मिळवून देण्याची तयारी दाखवली होती, अँड्र्यू कार्नेगींचे नावही सुचवले होते, पण विल्बरने नम्रपणे नकार दिला. वसंत ऋतूतल्या गिऱ्हाइकांसाठी सायकली बनवायच्या होत्या.