‘प्लॅन बदलतो’ असं करारात लिहून चालत नाही: तुमच्या एका ताऱ्याला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक तारा देऊन चार मुद्दे लिहिलेत. करारात १५ मार्च असताना ‘अजाईल आहे, प्लॅन बदलतो’ असं सांगून (अजाईल म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत, बदल करत करत बनवायची पद्धत) आम्ही तुमच्या आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवणारी सॉफ्टवेअर सिस्टीम २ एप्रिलला दिली. बदलांचे वेगळे पैसे लावले. तुमच्याकडून दहा दिवसांत उत्तर आलं नाही म्हणून काम ‘मान्य’ धरलं. आणि सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ लिहिलेला प्रोग्रॅम) कोणाचा, हे शेवटपर्यंत नीट सांगितलं नाही.

यातला पहिला आणि तिसरा मुद्दा पूर्ण बरोबर आहे, दुसरा अर्धा बरोबर आहे, चौथा चूक आहे. तुमच्या धंद्याचे आकडे इथे देणार नाही. कलमांबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण अशाच कलमांवर रत्नागिरीपासून मालवणपर्यंत आंबेवाले, मासळीवाले, होमस्टेवाले ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर सह्या करत असतात.

आपल्या करारातलं कलम ४ असं होतं: ‘काम अजाईल पद्धतीने होईल. परिशिष्ट ब मधील वेळापत्रक अंदाजे असून गरजेनुसार बदलेल.’ आणि कलम ९: ‘प्रणाली १५ मार्चपर्यंत वापरात येईल.’ ही दोन कलमं एकमेकांच्या विरोधात जातात. वेळापत्रक बदलेल, पण कोण बदलणार, कधीपर्यंत, कोणाच्या संमतीने, हे कुठेच नाही. मसुदा आमचा होता. संदिग्ध वाक्याचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा, हा करार वाचण्याचा जुना नियम आहे आणि तो इथे आम्हाला लागू होतो. तुमची बागायतदारांची यादी उशिरा आली हे खरं आहे. पण त्यामुळे तारीख सरकते आहे असं आम्ही त्याच वेळी लेखी कळवायला हवं होतं. ते केलं नाही, म्हणून आता ती सबब सांगणार नाही.

‘अजाईल’ हा शब्द करारात एकटा ठेवणं ही मूळ चूक. २००१ साली सतरा जणांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाबरोबरचं सहकार्य मोलाचं, असं त्यात म्हटलंय. पण उजव्या बाजूच्या गोष्टींनाही, म्हणजे कराराच्या वाटाघाटींसारख्या तुलनेत मागे ठेवलेल्या गोष्टींनाही, मोल आहे, हेही त्याच पानावर आहे. करार नको किंवा तारीख नको, असं त्यात कुठेही नाही. पद्धतीचं नाव लिहून कोणावर काहीच बंधन येत नाही. बंधन येतं ते कामाची लय लिहिल्याने: दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा छोटा टप्पा), दर दुसऱ्या शुक्रवारी तुमच्याच पॅकहाउसमधल्या कॉम्प्युटरवर डेमो, कामांच्या यादीचा क्रम ठरवणारा तुमच्याकडचा एक माणूस आणि तो नसेल तर त्याच्या जागी दुसरा, प्रश्नाला दोन कामाच्या दिवसांत उत्तर. एवढं असेल तर ‘अजाईल’ हा शब्द काढून टाकला तरी बिघडत नाही.

आणि ‘झालं’ म्हणजे काय, हेही लिहावं लागतं. बहुतेक भांडणं इथेच होतात. पट्टी, म्हणजे बागायतदाराला द्यायचा हिशेबाचा कागद, छापण्याचंच घ्या. ‘पट्टीची छपाई पूर्ण’ असं लिहिलं तर आमचा प्रोग्रॅमर स्क्रीनवर पीडीएफ दिसली की काम झालं म्हणेल आणि तुमचा दिवाणजी पट्टी बागायतदाराच्या हातात पडल्याशिवाय म्हणणार नाही. लिहायला हवं ते असं: गेल्या हंगामातल्या २० खऱ्या पट्ट्या घेऊन त्याच नोंदी सिस्टीममध्ये भरायच्या. चार, पाच, सहा डझनी पेट्या वेगळ्या ओळींत याव्यात. वाहतूक, हमाली आणि उचल (बागायतदाराने आगाऊ घेतलेले पैसे) वजा होऊन निघालेली रक्कम हाताने केलेल्या पट्टीशी पैशापर्यंत जुळावी. तुमच्याच प्रिंटरवर, तुमच्याच कागदावर मराठीत छापून यावं, जोडाक्षरं न फुटता. विसातली एक जरी चुकली तरी काम झालेलं नाही. त्याच जोडीने नेट बंद असतानाची चाचणी हवी: राउटर काढून ५० पेट्यांची नोंद करायची, दोन तासांनी जोडायचा, एकही पेटी दोनदा येता कामा नये. आपल्याकडे लाईट आणि नेट जाणं ही रोजची गोष्ट आहे. म्हणूनच ते ‘नैसर्गिक आपत्ती’च्या कलमात घालून मुदत वाढवून मागणं मला पटत नाही. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ ही आपत्ती होती. मंगळवारी दुपारी चार तास वीज जाणं ही आपत्ती नाही, त्याची तयारी आमच्या कामातच धरलेली असली पाहिजे.

आता तारखेकडे येतो. प्रत्येक योजनेत दोन जातीच्या तारखा असतात, आणि करारात त्या वेगळ्या लिहाव्या लागतात. एक बांधील तारीख आणि दुसरी कामाची तारीख. १५ मार्चला पेट्यांची आवक, बागायतदारवार लॉट, प्रतवारी आणि पट्टी एवढं चालू असलंच पाहिजे, ही बांधील तारीख. मोबाईल ॲप, एसएमएस, हंगामाअखेरचे रिपोर्ट या कामाच्या तारखा. त्यांचा क्रम डेमोनंतर बदलला तरी कोणाचं नुकसान नाही. बांधील तारखेशेजारी तिचं कारणही लिहावं: हापूसची काढणी मार्चमध्ये वेग घेते, जूनच्या पावसाआधी आटोपते, त्यानंतर या कामाचा या वर्षी उपयोग नाही. आणि १५ मार्चच्या आधी १ मार्चला २०० पेट्यांची रंगीत तालीम हवी. चुका सापडून दुरुस्त करायला दोन आठवडे मिळाले नाहीत, तर त्या हंगाम भरात आल्यावर सापडतात.

कारण लिहायचं ते कायद्यासाठीही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ प्रमाणे वेळ हा कराराचा गाभा असेल आणि ती चुकली, तर समोरच्याला करार रद्द करता येतो. गाभा नसेल तर रद्द करता येत नाही, झालेल्या नुकसानीची भरपाई फक्त मागता येते. नुसतं ‘वेळ हा कराराचा गाभा आहे’ असं लिहून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सांगितलंय की करारात मुदतवाढीची आणि उशिराबद्दल दंडाची तरतूद असेल, तर त्या वाक्याचं बळ जाऊ शकतं. आपल्या करारात दोन्ही तरतुदी होत्या. म्हणून बांधील तारखेला मुदतवाढीचं कलम लागू नाही, हे वेगळ्या ओळीत स्पष्ट लिहायला हवं.

कलम ५५ मधलीच एक गोष्ट ग्राहकांना सहसा कोणी सांगत नाही. वेळ गाभा असलेल्या करारात काम उशिरा आलं आणि तुम्ही ते स्वीकारलंत, तर उशिराची भरपाई पुढे मागता येत नाही. अपवाद एकच: स्वीकारतानाच ‘भरपाईचा हक्क राखून घेत आहोत’ अशी सूचना दिली पाहिजे. एका ओळीचा मेल पुरतो. २ एप्रिलला तसा मेल तुमच्याकडून आला नव्हता. तरीही आम्ही त्याआड लपणार नाही. आपल्या कराराच्या कलम ११ मध्ये उशिराबद्दल आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाच टक्के अशी वजावट आहे. १८ दिवसांचे तीन आठवडे धरून दीड टक्का आम्ही वजा करतो. (पाच टक्के लिहिले म्हणून पाच टक्के आपोआप मिळत नाहीत. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, तिच्या आत वाजवी तेवढंच मिळतं.)

बदलांच्या पैशांबद्दल. तुमच्या बिलात दोन बदल होते आणि ते एका जातीचे नाहीत. पहिला उचलीचा. परिशिष्ट अ मध्ये वाक्य होतं: ‘पट्टीतून उचल वजा होईल.’ आम्ही पहिल्याच पट्टीतून सगळी उचल कापली. तुमच्याकडे ती हप्त्याने, हंगामभर थोडी थोडी कापायची रीत आहे, आणि ते योग्यच आहे, नाहीतर फवारणीसाठी पैसे घेतलेल्या बागायतदाराच्या हातात पहिल्या पट्टीचं काहीच उरत नाही. त्या वाक्यात दोन्ही अर्थ बसतात. ज्यात दोन्ही अर्थ बसतात तो बदल नव्हे, खुलासा. वाक्य लिहिण्याआधी तुमच्या दिवाणजींना विचारणं हे आमचं काम होतं. या बदलाचं पूर्ण बिल, १८ टक्के जीएसटीसह, परत करतो.

दुसरा बदल निर्यातीच्या पेट्यांवर अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) मँगोनेट या आंबा बागांच्या ऑनलाइन नोंदणीतला बागेचा क्रमांक छापण्याचा. हे परिशिष्ट अ मध्ये कुठल्याच अर्थाने नव्हतं. बागांच्या माहितीत नवा रकाना, लॉट फोडण्याची नवी पद्धत, लेबलचा नवा साचा, इतकं नव्याने करावं लागलं. हे बिल बरोबर आहे आणि ते कायम राहील. आमचं चुकलं ते एवढंच की ‘हो चालेल’ या तुमच्या व्हॉट्सॲप व्हॉइस मेसेजवर आम्ही कामाला लागलो. इलेक्ट्रॉनिक संमती कायद्याने चालते, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १० अ मध्ये तसं आहे. पण हंगामात, गाडी भरताना, कोण कशाला ‘चालेल’ म्हणालं हे नंतर कोणालाच आठवत नाही. म्हणून एक पानाचा बदलपत्रक नमुना हवा: काय हवं, किती तास, किती पैसे, बांधील तारखेवर काय परिणाम, आणि त्याच्या बदल्यात यादीतून काही काढता येईल का. हा शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा आहे. तेवढ्याच तासांचं दुसरं काम मागे टाकलं तर बरेचदा पैशाचा प्रश्नच येत नाही. संमती ठरलेल्या एकाच मेल पत्त्यावरून आलेली धरायची.

दहा दिवसांत उत्तर नाही म्हणजे मान्य, हे कलम आम्ही घातलं कारण नाहीतर शेवटचा हप्ता कायमचा लटकतो. पण एप्रिलचे दहा दिवस तुम्हाला मेल उघडायलाही मिळत नाहीत. कलम तुमच्या कॅलेंडरवर बसवायला हवं होतं. सुधारित रूप असं: दहा दिवसांनी लेखी आठवण, त्यानंतर पाच कामाचे दिवस, आणि १५ मार्च ते ३१ मे या काळात गप्प राहणं म्हणजे संमती नाही. शिवाय मान्यता मिळाली तरी पट्टीचा आकडा चुकत असेल तर ९० दिवस दुरुस्ती फुकट, आणि तीही चार तासांत हाती घ्यायची. छपाई दोन मिलिमीटर सरकली, तर आठवडाभर थांबलं तरी चालतं.

कोडबद्दल मात्र तुमचं म्हणणं बरोबर नाही. ‘पैसे आमचे, म्हणजे कोड आमचाच’ असं तुम्ही लिहिलंय. प्रताधिकार कायदा, १९५७ प्रमाणे पगारी नोकराने नोकरीत लिहिलेला कोड मालकाचा होतो. बाहेरच्या कंपनीने लिहिलेला मात्र, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, त्या कंपनीचाच राहतो. तो तुमच्याकडे यायला सहीनिशी लेखी हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे ती पाचच वर्षांची धरतात, आणि क्षेत्र लिहिलं नाही तर फक्त भारत. आपल्या कलम १२ मध्ये हस्तांतर आहे, कायमचं आहे, सगळ्या जगासाठी आहे आणि शेवटचा हप्ता मिळताच लागू होतं. आमची आधीपासूनची लायब्ररी (आधीच लिहून ठेवलेला, पुन्हा पुन्हा वापरायचा कोड) तेवढी वेगळी, तिचा वापर करण्याचा कायमचा परवाना तुम्हाला आहे. सुधारायचं आहे ते एवढंच की कोड शेवटी एकदम न देता दर स्प्रिंटला तुमच्याच खात्यावरच्या रिपॉझिटरीत (कोड साठवायच्या ऑनलाइन जागेत) टाकायचा. म्हणजे उद्या आमच्याशी पटलं नाही तरी तुमचं काम अडणार नाही.

उचलीच्या बिलाची आणि दीड टक्क्याची क्रेडिट नोट सोमवारी निघेल. कलम ४, ९, ११ आणि मान्यतेचं कलम बदलून पूरक कराराचा मसुदा त्याच मेलमध्ये असेल. सही करण्याआधी तो तुमच्या वकिलांना दाखवा. पुढच्या हंगामाची बांधील तारीख तुम्ही ठरवा आणि उचलीच्या हप्त्याचं वाक्य तुमच्या दिवाणजींकडून लिहून घ्या, आम्ही ते जसंच्या तसं परिशिष्टात घालू.