पिस्तुलाचा राऊंड रिवॉल्व्हरमध्ये: त्या फॉरवर्डमधलं काय चुकलंय ते

गेले आठ-दहा दिवस एक मेसेज फिरतोय. आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर आला, भाच्यानं दाखवला, परवा सांगलीच्या पाव्हण्यांनी पाठवून विचारलं की हे खरं का. त्यात म्हटलंय की पिस्तुलाच्या काडतुसाचं (आम्ही त्याला राऊंड म्हणतो) रिवॉल्व्हर म्हणजे कंपन्यांनी काढलेलं नवीन फॅड, बुडाला कडा नसल्यामुळं पुंगळ्या, म्हणजे गोळी गेल्यावर मागं राहणारी रिकामी नळकांडी, निघत नाहीत, ताकद कमी पडते, राऊंड धरून ठेवणाऱ्या क्लिपा वाकतात, आणि शेवटी एक ओळ, ‘आपल्याकडं तसाही .३२ म्हणजे .३२, पिस्तुलाचा राऊंड रिवॉल्व्हरला बिनधास्त चालतो’. मी बावीस वर्षं आर्मीत आर्मरर होतो, हत्यारं उघडायची, तपासायची, जोडायची हेच काम, आता साताऱ्यात असतो. आधीच्या मुद्द्यांवर वाद घालता येईल पण ती शेवटची ओळ वाचून गप्प बसवेना म्हणून हे सगळं लिहितोय.

नवीन फॅड म्हणे. आमच्या साताऱ्याजवळच्या अपशिंग्याची ४६ माणसं ज्या पहिल्या महायुद्धात कामी आली ना, त्याच युद्धातली ही गोष्ट आहे. १९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि त्यांच्याकडं .४५ चं एम १९११ पिस्तूल पुरेना. कारखाने रात्रंदिवस चालवून पण पुरेना. मग कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोघांना सांगितलं की तुमची मोठी रिवॉल्व्हरं आहेत ती या पिस्तुलाच्याच राऊंडवर चालतील अशी करून द्या, म्हणजे आघाडीवर दोन प्रकारचा दारूगोळा न्यायला नको. त्याचं नाव एम १९१७, दोन्ही कंपन्यांची मिळून तीन लाखांच्या आसपास बनली. पुढं १९३७ मध्ये ब्राझीलनं स्मिथ अँड वेसनकडून हेच रिवॉल्व्हर मागवलं. शंभर वर्षं झाली या गोष्टीला!

आता पुंगळ्यांचं. इथं मेसेजवाल्याला अर्धं बरोबर कळलंय. रिवॉल्व्हरचं काडतूस हातात घेऊन बुडावरनं नख फिरवा, नख अडकतं, कारण बूड अंगापेक्षा रुंद असतं. त्या कडेवरच काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे फिरत्या सिलेंडरच्या भोकात, टेकतं आणि रॉड दाबला की चांदणीसारखा एक्स्ट्रॅक्टर त्याच कडेला धरून बाहेर ढकलतो. ९ एमएम किंवा .४५ एसीपीच्या (एसीपी म्हणजे ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल, पिस्तुलाचा राऊंड) राऊंडवर नख फिरवलं तर ते सरळ खाली जातं आणि बुडाच्या जरा वरच्या खाचेत पडतं, कडा बाहेर येतच नाही. मॅगझिनमध्ये राऊंड एकमेकांवर सरकायचे असतात म्हणून तसं केलंय. मग चांदणी धरणार कशाला? यावर १९१७ लाच उत्तर निघालं, पातळ स्प्रिंग स्टीलची अर्ध्या चंद्रासारखी पट्टी, हीच ती क्लिप, त्या खाचेत तीन राऊंड खटकन बसतात, दोन पट्ट्या टाकल्या की सहा भरले. रॉड दाबला की चांदणी पट्टीला ढकलते आणि पट्टीसकट सगळं बाहेर. सुरुवातीच्या कोल्टमध्ये चेंबर आरपार सरळ होतं, क्लिपशिवाय राऊंड टेकायलाच जागा नव्हती, स्मिथमध्ये आत पायरी होती त्यामुळं क्लिप नसली तरी फायर व्हायचं, फक्त पुंगळी काडीनं काढावी लागायची. पीटर्स कंपनीनं १९२० मध्ये तर याच राऊंडला कडा लावून .४५ ऑटो रिम काढला. पुढं पूर्ण गोल मून क्लिप आली आणि तिथं खरी मजा आहे.

कारण मून क्लिप म्हणजे सहा राऊंड एका गठ्ठ्यात. आत टाकले की आत, बाहेर काढले की सहाच्या सहा पुंगळ्या एकदम बाहेर, एखादी मागं राहून चांदणीखाली अडकायचा प्रश्नच नाही, आणि ज्यानं अशी अडकलेली पुंगळी स्क्रू ड्रायव्हरनं काढलीय त्याला विचारा याची किंमत काय ती. जेरी मिक्युलेक नावाच्या अमेरिकन नेमबाजानं १९९९ मध्ये स्मिथ अँड वेसनच्या ६२५ नं, म्हणजे .४५ एसीपीच्याच रिवॉल्व्हरनं, सहा फायर, रीलोड, परत सहा फायर हे सगळं २.९९ सेकंदात केलं. पुंगळ्या निघत नसत्या तर हे झालं असतं का?

ताकद कमी हा मुद्दा तर सरळ उलटा आहे. .३८ स्पेशल हा रिवॉल्व्हरचा नेहमीचा राऊंड काळ्या दारूच्या जमान्यातला, त्याची पुंगळी २९ मिलिमीटर लांब, आत आता निम्मी जागा रिकामीच असते. ९ एमएमची फक्त १९, पण प्रेशर बघा, .३८ स्पेशलला मर्यादा १७,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) आणि ९ एमएमला ३५,०००. आखूड नळीत ९ एमएमच पुढं राहतो. सिलेंडर आणि नळीमधल्या फटीतनं गॅस जातो म्हणतात, जातो की, पण तो प्रत्येक रिवॉल्व्हरमध्ये जातो, त्यात काडतुसाचा काय दोष. शिवाय छोट्या रिवॉल्व्हरचा रॉडही आखूड, त्यानं लांब पुंगळी पूर्ण बाहेर येत नाही, आखूड पुंगळी येते.

क्लिप वाकते हे मात्र खरंय. मागच्या खिशात घालून बसलात तर वाकणारच, आणि जराशी वाकली तरी सिलेंडर घासत फिरतो, चाप जड होतो. डबीत ठेवायची. हलक्या रिवॉल्व्हरमध्ये धक्क्यानं काही ९ एमएम राऊंडची गोळी पुंगळीतनं पुढं सरकते आणि सिलेंडर अडतो, हा दोषही आहे, मेसेजवाल्याला तो माहीतच नाही. आपल्याकडं ९ एमएम प्रतिबंधित बोअर असल्यामुळं यातलं काही सामान्य लायसनवर मिळणार नाही ते वेगळं.

आणि आता ती शेवटची ओळ. लायसनवर मिळतो तो .३२, आणि त्यात दोन पूर्ण वेगळी काडतुसं आहेत. रिवॉल्व्हरचा .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ चा, पुंगळी २३ मिलिमीटर, प्रेशर १५,०००. पिस्तुलाचा .३२ एसीपी, १८९९ चा, ब्राउनिंग या अमेरिकन हत्यार बनवणाऱ्याचा, पुंगळी १७ मिलिमीटर, प्रेशर २०,५००. घोडं इथंच पेंड खातं, कारण या एसीपीला अगदी बारीक कडा असते, त्यामुळं तो रिवॉल्व्हरच्या चेंबरमध्ये बसतो, कधी कधी उडतोही. उडला म्हणजे चालतो असं नाही हो! ज्या प्रेशरसाठी ते हत्यार तपासून पास केलंय त्याच्यावर तिसरा हिस्सा जास्त पडतोय आणि कडा बारीक म्हणून चांदणी पुंगळीला नीट धरतही नाही. ९ एमएमचं रिवॉल्व्हर त्याच राऊंडसाठी घडवलेलं असतं, तुमचं .३२ नाहीये.

विधानसभेच्या वेळी हत्यारं जमा करायला ठाण्यात रांग होती, माझ्या पुढं एक काका, पासष्टीचे, धोतर-टोपी, वडिलांच्या वेळचं जुनं रिवॉल्व्हर कापडात गुंडाळलेलं आणि सोबत राऊंडचं पाकीट. पाकिटावर नजर गेली तर एसीपी. म्हटलं काका हे कुठनं आणलं, तर म्हणाले दुकानात .३२ मागितला, त्यानं .३२ दिला. मी त्यातला एक राऊंड आणि त्यांच्याकडचा जुना एक असे दोन्ही टेबलावर उभे केले. एक करंगळीच्या पेराएवढा बुटका, दुसरा त्याच्यापेक्षा चांगला वर आलेला. काका बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, ‘दिवाळीला दोन उडवले होते यातले.’ हवालदारानं पावतीवर दोन्ही प्रकार वेगवेगळे लिहिले, आणि मी त्यांना सांगितलं की हत्यार परत मिळालं की आधी सिलेंडर आणि फ्रेम तपासून घ्या, तोवर त्यात काही घालू नका.