दोन विजय, बत्तीस पराभव आणि तेरा पोरं

सामने ३४. जिंकले २, हरले ३२. २०२३-२४ च्या मोसमातला 'जी लीग इग्नाइट' या अमेरिकन बास्केटबॉल टीमचा हा हिशेब. मोसम संपायचीही वाट न बघता, २१ मार्च २०२४ ला जाहीर झालं की यानंतर टीम बंद. २०२० साली उघडलेलं दुकान चार वर्षांत मिटलं. परवा एका ग्रुपवर कुणीतरी 'फसलेल्या टीम' अशी यादी टाकली, त्यात इग्नाइट पहिली. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. उत्तर द्यायला बसलो ते आटपेना, म्हणून इथे माझ्या भिंतीवर टाकतोय. बास्केटबॉलशी देणंघेणं नसलेल्यांनीही वाचा. घाम कुणाचा आणि गल्ला कुणाचा, एवढाच विषय आहे.

आधी थोडी ओळख. एनबीए ही अमेरिकेतली बास्केटबॉलची सगळ्यात मोठी लीग, आणि जी लीग म्हणजे तिच्या खालची लीग. एनबीएत जायची वाट बघणारे आणि तिथून खाली ढकललेले, दोघेही इथे खेळतात. (जी म्हणजे गेटोरेड. सरबताच्या नावावर अख्खी लीग. आपल्याकडे असं झालं असतं तर आपण आठवडाभर हसलो असतो.) इथली जवळपास प्रत्येक टीम कुठल्या ना कुठल्या एनबीए टीमची धाकटी पाती असते. इग्नाइटला असा थोरला कुणी नव्हता. ती लीगनेच काढली होती, बारावी झालेल्या पोरांसाठी.

बारावीच्या पोरांना वेगळी टीम कशाला? तर एनबीए आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २००५ सालच्या करारामुळे. कोबी ब्रायंट, केविन गार्नेट, लेब्रॉन जेम्स हे शाळेतून थेट एनबीएत गेले होते. २००५ मध्ये ते दार बंद केलं. नियम असा की अमेरिकन खेळाडूचं वय १९ हवं आणि त्याची शाळा सुटून वर्ष झालेलं हवं. मग ते मधलं एक वर्ष काढायचं कुठे? कॉलेजात. कॉलेज बास्केटबॉलचा तिथला पसारा आपल्या डोक्यात बसत नाही. नुसत्या मार्चमधल्या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क २०१० साली १४ वर्षांसाठी १०८० कोटी डॉलरला विकले गेले. कोचला लाखोंनी डॉलर. आणि ज्याला बघायला लोक टीव्ही लावतात त्या पोराला? तेव्हा शिक्षण फुकट, राहणं-जेवण फुकट, वर एक पैसा घेतला तर बाद. कारण तो 'हौशी' खेळाडू.

हौशी! या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. मी नागपुरात कॉलेजच्या टीमकडून खेळलोय. सिमेंटचं कोर्ट, रिंगला जाळी नाही, त्यामुळे बॉल आतून गेला की बाहेरून यावरून रोज एक भांडण ठरलेलं. बाहेरगावी स्पर्धेला गेलो की दिवसाचा डीए मिळायचा, म्हणजे मिळायला हवा होता. स्टेशनवर उतरायच्या आधी ऑफिसातले एक गृहस्थ व्हाउचर फिरवायचे. नाव छापलेलं, सहीची जागा मोकळी, आणि रकमेच्या रकान्यात पेन्सिलीने मारलेली एक बारीक रेघ. 'सही कर, आकडा मागाहून टाकतो.' आम्ही दहा जणांनी सह्या केल्या. हाती आलं ते प्रत्येकी दोन केळी, एक उकडलेलं अंडं आणि 'खेळाकडे खेळ म्हणून बघा रे' असा उपदेश. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण तशी कॉलेजं एकच नाहीत. पण तेव्हापासून कुणी खेळाच्या पावित्र्याबद्दल बोलायला लागलं की मला आधी ती पेन्सिलीची रेघ दिसते.

तर मुद्दा असा की काही पोरं कॉलेज टाळून वर्षभर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जायला लागली. २०१९ मध्ये लामेलो बॉल तिकडे गेला, आर. जे. हॅम्प्टन गेला. एनबीएच्या पोटात गोळा आला असणार. त्याआधी २०१८ मध्येच त्यांनी जी लीगमध्ये अशा पोरांसाठी सव्वा लाख डॉलरचा करार जाहीर केला होता, पण त्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही. एप्रिल २०२० मध्ये मग थेट वेगळी टीमच काढली आणि त्यात पहिली सही केली जेलन ग्रीनने. बातम्यांत पाच लाख डॉलरचा आकडा होता. त्या वर्षी देशातल्या सगळ्यात गाजलेल्या शाळकरी खेळाडूंपैकी एक, आणि त्याने कॉलेजांना सरळ नको म्हणून सांगितलं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ओरलँडोला डिस्नीच्या आवारात, कोविडमुळे सगळ्यांना एका जागी कोंडून, जी लीगचा छोटेखानी मोसम झाला. मी रात्री जेवणं आटोपली की मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून बघत बसायचो. पहिलाच सामना इग्नाइटने जिंकला. एकूण ८ जिंकले, ७ हरले, बाद फेरीत गेले आणि तिथे पहिल्याच सामन्यात आटोपले. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी जाणत्या बाप्यांसमोर केलेली ही कामगिरी यादीवाल्यांना आठवत नाही.

त्या टीममध्ये पोरांना सांभाळायला काही जुने खेळाडू ठेवले होते. त्यातला एक अमीर जॉन्सन. हा कोण, तर २००५ च्या ड्राफ्टमध्ये (एनबीए टीम दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, तो ड्राफ्ट) ५६ व्या क्रमांकावर घेतलेला, शाळेतून थेट एनबीएत गेलेला शेवटचा खेळाडू. त्याच्या पाठीमागे दार लागलं, आणि पंधरा वर्षांनी तोच त्या बंद दाराबाहेरच्या पोरांना रिबाउंडला कुठे उभं राहायचं ते शिकवत होता. मला त्या टीममधलं सगळ्यात आवडलेलं हेच.

आणि दुसरं कारण, ज्यासाठी मी मुळात जागत होतो, तो प्रिन्सपाल सिंग. पंजाबचा, गुरदासपूर जिल्ह्यातला, ६ फूट १० इंचांचा पोरगा. लुधियानाची अकादमी, मग दिल्लीजवळची एनबीए अकादमी, मग ऑस्ट्रेलियात कॅनबेराची, आणि तिथून इग्नाइट. माझी तक्रार आहे ती इथे. त्याला खेळायला मिळाली मोजकीच मिनिटं. कॅमेरा बाकाकडे वळला की तो दिसतो का एवढंच बघायचं. भारतातून एक पोरगा, फिलिपिन्समधून काई सोट्टो म्हणून एक उंच पोरगा. बघणाऱ्यांचे देश मोठे, हे काही योगायोगाने झालं असं मला कुणी सांगू नये. सोट्टो तर राष्ट्रीय संघासाठी मायदेशी गेला, तिथले सामने बारगळले आणि इग्नाइटकडे परत येणंही राहिलं. एक सामना न खेळता संपलं त्याचं. प्रिन्सपाल पुढे २०२१ ची समर लीग जिंकणाऱ्या सॅक्रामेंटो किंग्जच्या चमूत होता, तेवढं समाधान. कॅनबेराच्याच अकादमीतला डायसन डॅनिअल्स मात्र पुढच्या वर्षी इग्नाइटकडे आला आणि भरपूर खेळला. २०२४-२५ मध्ये एनबीएत सगळ्यात जास्त सुधारलेल्या खेळाडूचा किताब त्याने घेतला. त्यात त्याचा खेळ मोठा, हे कबूल. पण बाकावर बसून कुणी सुधारत नाही, हेही तितकंच खरं.

२०२२ मध्ये टीम लास व्हेगासशेजारच्या हेंडरसन गावात गेली. तोपर्यंत तिला घर म्हणावं असं मैदानच नव्हतं. गंमत म्हणजे तेव्हाचा त्यांचा हिराही हेंडरसनच, स्कूट हेंडरसन. शाळेचं शेवटचं वर्ष सोडून सतराव्या वर्षी आलेला. ४ ऑक्टोबर २०२२ ला या मैदानावर फ्रान्सहून व्हिक्टर वेम्बन्यामा, एनबीएच्या वाटेवरचा पोरगा, त्याची टीम घेऊन आला. ज्यांनी तो सामना बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. साडेसात फुटांच्या आसपासचा तो पोरगा लांबून थ्री-पॉइंटर टाकत होता, एकूण सात टाकले, ३७ गुण केले. इकडे स्कूटने २८ गुण आणि ९ असिस्ट. इग्नाइट १२२-११५ ने जिंकली. नुसता प्रदर्शनी सामना, पण एनबीएचे लोक झाडून हजर. त्या रात्री कुणी म्हणालं असतं की दीड वर्षात ही टीम नसेल, तर त्याला वेड्यात काढलं असतं.

पण खड्डा आधीच खणला गेला होता. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीतून पैसे कमवायची मुभा मिळाली. बघता बघता माजी विद्यार्थी आणि धनिक मंडळी निधी गोळा करायला लागली आणि चांगल्या खेळाडूला कॉलेजातच इग्नाइटएवढे, कधी त्याहून जास्त पैसे मिळायला लागले. वर टीव्ही, भरलेली स्टेडियम्स, बँड, मैत्रिणी. मग हेंडरसनच्या अर्ध्या रिकाम्या मैदानात कोण येणार? तरी रॉन हॉलंड, माटास बुझेलिस आले. आजूबाजूला जाणते खेळाडू कमी पडले, आणि ते २-३२ लागलं.

आता टीमची बाजू घेतोय म्हणून तिची खोट लपवत नाही. इग्नाइट ही टीम म्हणून मला कधीच पुरती पटली नाही. तिच्या हरण्याने कुणाच्या घरी चूल थंड पडत नव्हती. ना गाव, ना शत्रू, ना पिढ्यांची ईर्षा. आपल्याकडे यूबीए नावाची लीग काही मोसम चालली, त्यात 'पुणे पेशवाज' होती. तिचंही तेच. नाव झोकात, पण पेठेतल्या माणसाला पत्ता नाही. खरं सांगायचं तर इग्नाइट हा क्लास होता, लातूर पॅटर्नचा. क्लासच्या फलकावर टॉपरांचे फोटो लागतात. क्लासच्या गॅदरिंगला कबड्डी कोण जिंकलं हे कुणी विचारतं का? मग या क्लासचा निकाल बघा ना. चार वर्षांत १३ पोरं ड्राफ्ट झाली. ग्रीन दुसऱ्या क्रमांकावर, कुमिंगा सातव्या, डॅनिअल्स आठव्या, स्कूट तिसऱ्या. त्या २-३२ वाल्या वर्षातूनसुद्धा हॉलंड पाचवा आणि बुझेलिस अकरावा गेला. डेशेन निक्स, मायकल फॉस्टर यांना ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही, तेही खरं. पण पगार त्यांनाही मिळाला, कागदावर लिहिलेला, आकड्यासकट.

मला गंमत वाटली ती २०२५ मध्ये. एव्हाना कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायचीही परवानगी मिळाली होती. आणि बातमी आली की इग्नाइटकडून पगार घेऊन खेळलेला थिएरी डार्लान सांता क्लारा कॉलेजाकडून खेळणार. मग लंडन जॉन्सन, तोही इग्नाइटचाच, लुइव्हिलला. ज्या पगारामुळे कॉलेजचं दार कायमचं बंद व्हायचं, तो घेऊन झाल्यावर पोरं कॉलेजात. अनेक वर्षं कॉलेजात मुरलेल्या कोचमंडळींनी यावर केवढा गळा काढला!

आमचे तेव्हाचे सर आता ऐंशीच्या घरात आहेत. त्या व्हाउचर प्रकरणात त्यांचा हात नव्हता, उलट दोनदा ते ऑफिसात भांडून आले होते. त्यांना फोन करून ही सगळी कथा सांगितली. इग्नाइट काय, लुइव्हिल काय, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. जरा वेळाने म्हणाले, "मंग आता त्याइले डीए किती भेटते बे?"