कर्जाचं नवं-जुनं करून देश श्रीमंत राहतो का?

गेला आठवडाभर एक संदेश पुण्यातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तीनदा आला, आणि तिसऱ्यांदा तर माझ्या सख्ख्या भाच्याने टाकला. आशय असा: देशाच्या कर्जाची काळजी करणं हा अडाणीपणा आहे. देश म्हणजे घर नव्हे, तो दिवाळखोर होत नाही. जपान-अमेरिका आपल्याहून जास्त कर्जात आहेत, तरी श्रीमंत आहेत. अडलं तर नोटा छापता येतात. कर्ज आपण आपल्यालाच देणं लागतो, आणि अर्थव्यवस्था वाढली की ते आपोआप लहान होतं. तेव्हा सरकारने बिनधास्त काढावं आणि वाटावं.

मी तीस वर्षं बँकेच्या कर्जविभागात काढली. या संदेशातलं काही खरं आहे, आणि त्या खऱ्याच्या आधाराने खोटंही गळी उतरतं आहे. म्हणून हे उत्तर.

"देश म्हणजे घर नव्हे." बरोबर. माणूस निवृत्त होतो, सरकार होत नाही. सरकार कर बसवू शकतं आणि जुनं कर्ज फेडायला नवं काढू शकतं. आमच्याकडे याला नवं-जुनं करणं म्हणतात. मार्चअखेरीला सकाळी जुनं कर्ज भरलेलं दिसायचं, दुपारी नवं मंजूर व्हायचं, रक्कम जवळजवळ तीच. वहीत थकबाकी राहायची नाही, पण व्याज मुद्दलात मिसळत जायचं. समोरचा द्यायला तयार आहे तोवरच हे चालतं. आणि देश दिवाळखोर होत नाही, हे तर साफ चूक. अर्जेंटिना २००१ मध्ये झाला, श्रीलंका २०२२ मध्ये. ग्रीसच्या रोखेधारकांना, म्हणजे सरकारला कर्ज देऊन त्याचे कागद घेतलेल्यांना, २०१२ मध्ये मोठ्या रकमेवर पाणी सोडावं लागलं. देश नकाशावरून पुसला जात नाही एवढंच. २०१५ च्या उन्हाळ्यात ग्रीसच्या माणसाला एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो काढता येत होते, आणि काम मागणाऱ्या दर चार माणसांत एक बेकार होता.

पुण्याला तरी हे कुणी नव्याने सांगायला नको. पेशव्यांचा मुलूख वाढत होता तेव्हा सावकारांचं देणंही वाढत होतं. बाजीरावांच्या पत्रांत त्याची तगमग दिसते, आणि १७७२ मध्ये थेऊरला अंथरुणाला खिळलेल्या माधवरावांनी जी कलमं लिहून ठेवली, त्यांतही कर्ज फेडण्याचं बजावलं आहे.

आपल्या पिढीने पाहिलेलं उदाहरण मात्र १९९१ चं. ऐंशीचं दशक आठवून बघा. वाढीचा दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास गेला होता, मारुती रस्त्यावर आली होती, घरोघर टीव्ही आले होते. ही भरभराट बरीचशी उसनवारीची होती. केंद्राची तूट, म्हणजे उत्पन्नाहून जास्त झालेला खर्च, जीडीपीच्या (देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या) साडेसात टक्क्यांवर गेली, बाहेरचं कर्ज वाढत गेलं. आखाती युद्धाने तेल महागलं आणि १९९१ च्या मध्यावर जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं. ४७ टन सोनं परदेशी गहाण गेलं. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. भोसरीचा एक कारखानदार बाहेरून बेअरिंग मागवायला एलसी, म्हणजे विकणाऱ्याला पैसे मिळण्याची बँकेची हमी, उघडायला आला. रिझर्व्ह बँकेने त्या महिन्यांत रोख मार्जिन, म्हणजे त्यासाठी बँकेत आधी ठेवायची रक्कम, मालाच्या किमतीच्या दुपटीवर नेलं होतं. पाच लाखांच्या मालासाठी दहा लाख रोख ठेवा, असं मला त्याला सांगावं लागलं. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ परिपत्रकाच्या कागदाकडे पाहत बसला. त्याने स्वतः सरकारला कधी जास्त खर्च करायला सांगितलं नव्हतं, पण त्याचं मशीन बंद पडलं.

"जपान, अमेरिका बघा." बघू. जपान सरकारचं कर्ज जीडीपीच्या दुपटीहून जास्त आहे, खरं आहे. पण ते येनमध्ये आहे, बहुतेक जपानच्याच लोकांकडे, बँकांकडे आणि त्यांच्या मध्यवर्ती बँकेकडे आहे. शिवाय जपानचं बाहेरच्या जगाकडून येणं देण्यापेक्षा खूप जास्त आहे. तीस वर्षांहून अधिक काळ तो जगातला सर्वांत मोठा निव्वळ धनको होता. म्हणजे ज्याच्या घरात सोनं-नाणं आहे त्याने भावाकडून उसने घेतले, असा तो प्रकार. आणि जपानचंही सगळं सुरळीत गेलं असं नाही. १९८९ अखेरची शेअर बाजाराची पातळी पुन्हा गाठायला त्यांना २०२४ उजाडलं. अमेरिकेला डॉलर आहे, जो सगळ्या जगाला लागतो. तो आपल्याकडे नाही. आणि २०२४ मध्ये अमेरिकेचा व्याजावरचा खर्च संरक्षणखर्चाच्याही पुढे गेला.

"नोटा छापता येतात." रुपये छापता येतात, डॉलर नाही. श्रीलंकेने २०१९ अखेर व्हॅट (विक्रीवरचा कर) १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, तुटीसाठी नोटा छापल्या, आणि सप्टेंबर २०२२ पर्यंत महागाई ७० टक्क्यांच्या घरात गेली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने सरकारचे रोखे थेट सरकारकडून घेणं एप्रिल २००६ पासून कायद्याने बंद आहे, ते याच कारणाने.

"आपणच आपल्याला देणं लागतो." या वाक्याचा मला सर्वांत जास्त राग येतो, कारण त्यातल्या 'आपण' या शब्दात दोन वेगळी माणसं दडवली आहेत. सरकारचे रोखे घेतात बँका, एलआयसी, भविष्यनिर्वाह निधी. बँकांना ठेवींच्या १८ टक्के रक्कम रोख्यांसारख्या सुरक्षित कागदांत ठेवावीच लागते. म्हणजे व्याज अखेर ज्याची ठेव आहे, पॉलिसी आहे, पीएफ आहे त्याच्याकडे येतं, माझ्याकडे येतं. ते भरलं जातं करातून, आणि आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईसुद्धा साबणाच्या वडीवर जीएसटी भरतात. त्यांची ना ठेव, ना पीएफ. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात खर्चाच्या दर रुपयातले २० पैसे व्याजाला आहेत. एका खिशातून दुसऱ्या खिशात, असं म्हणणाऱ्याने सदरा कोणाचा आहे ते आधी पाहावं.

"वाढ झाली की कर्ज लहान होतं." संदेशातला हा सर्वांत दमदार मुद्दा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचं कर्ज जीडीपीच्या शंभर टक्क्यांवर होतं, १९७४ पर्यंत ते पंचवीसच्या खाली आलं. आपल्याकडेही महागाई धरून होणारी वाढ बहुतेक वर्षी रोख्यांच्या व्याजदरापेक्षा जास्त राहिली आहे. पण अमेरिकेने त्या काळात तूट आवरून धरली होती, आणि व्याजदर दाबल्यामुळे व महागाईमुळे ठेवीदारांचं नुकसान झालं होतं. 'आपोआप' काही झालं नाही. आणि वाढ थांबते. कोविडच्या एका वर्षात केंद्र आणि राज्यांचं मिळून कर्ज जीडीपीच्या पंचाहत्तर टक्क्यांवरून नव्वदीजवळ गेलं.

हे सगळं भाच्याला लिहिलं, तर त्याचा फोन आला. "मामा, मग कर्ज काढूच नये का?"

काढावं की. मी आयुष्यभर कर्जंच दिली. एकाने लेथ घ्यायला कर्ज नेलं आणि दोन महिन्यांनी त्यावर बनवलेला पहिला बुश, यंत्राचा छोटा भाग, तेलासकट माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्याचा हप्ता कधी चुकला नाही. दुसऱ्या एकाने त्याच आठवड्यात मुलीच्या लग्नासाठी नेलेलं कर्ज आम्हाला पुढे तीनदा नवं-जुनं करावं लागलं. पुण्याची मेट्रोही कर्जावर उभी आहे, युरोपीय गुंतवणूक बँकेच्या ६० कोटी युरोंच्या कर्जाचा त्यात वाटा आहे. २०१८ मध्ये पहिला करार झाला तेव्हा युरो ८० रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये शंभराच्या पुढे गेला. तरी मी त्या कर्जाच्या बाजूने आहे, कारण वनाजहून रोज माणसं त्या गाडीने कामाला जातात आणि रूळ पन्नास वर्षं राहतील.

पण २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राचा भांडवली खर्च, म्हणजे रस्ते-रूळ अशा टिकणाऱ्या गोष्टींवरचा, ११.२१ लाख कोटी धरला होता आणि व्याज १२.७६ लाख कोटी. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात कर्जाचा अंदाज सव्वानऊ लाख कोटींच्या वर होता. ती रक्कम राज्याच्या आकाराच्या मानाने अजून झेपण्यासारखी आहे. मला काळजी आहे ती त्याच कागदावरच्या दुसऱ्या आकड्याची, ४५,८९१ कोटींच्या महसुली तुटीची. त्या रकमेतून रूळ उभा राहणार नाही आणि पाइपही पडणार नाही. पगार, व्याज, अनुदानं अशा चालू खर्चाला उत्पन्न पुरलं नाही, म्हणून ती उसनी घ्यायची आहे. भाच्याला मी तेवढंच पान पाठवलं, आणि त्या आकड्याखाली रेघ मारली.