वानर चितळासाठी ओरडत नाही

सुट्ट्या लागल्या आणि ताडोबा-पेंचच्या सफारी भरल्या की एक मेसेज गटागटांत फिरायला लागतो. फोटोत झाडावर वानर, खाली चितळांचा कळप. मजकूर असा: ‘वानर हा हरणाचा जिवलग मित्र. वाघ दिसला की तो हरणासाठी ओरडतो. ही जंगलाची भाषा प्रत्येक जिवाला जन्मतःच येते. कॉल (धोक्याची हाक) झाला म्हणजे वाघ तिथेच असतो. आणि जनावर कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो फक्त माणूस.’ गेल्या आठवड्यात तो मला तिघांनी पाठवला. त्यातले एक शिक्षक आहेत, ते तो वर्गात वाचून दाखवणार आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मैत्रीचं बघू. वानर आणि चितळ एकत्र दिसतात हे खरंच आहे. वानरं खातात थोडं आणि पाडतात फार. उन्हाळ्यात खालचं गवत वाळून गेलं की वरून पडलेला कोवळा पाला आणि फळं चितळांना आयती मिळतात. शिवाय वर बसलेल्या वानराला लांबचं दिसतं. पॉल न्यूटन या अभ्यासकाने कान्हाच्या जंगलात ही जोडी बारकाईने पाहिली आणि १९८९ साली त्यावर लिहिलं. ही सोबत टिकते ती मुख्यतः चितळांमुळे, असं त्याला आढळलं. चितळं वानरांच्या मागे येतात.

मग वानर ओरडतं कुणासाठी? आपल्या टोळीसाठी. आणि बऱ्याचदा थेट शिकाऱ्यासाठीही: ‘तू दिसलास, आता निघ.’ पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधल्या ताई जंगलात रेडिओ कॉलर लावलेल्या बिबट्यांवर लक्ष ठेवलं, तेव्हा माकडांनी ओरडा सुरू केला की बिबटे दबा सोडून निघून जात. दबा धरून शिकार करणाऱ्याचा डाव उघड झाला की त्याची शिकारीची आशाच संपते. चितळ हे सगळं खालून ऐकतं आणि आपला जीव वाचवतं. गॅलापागोस बेटांवरचा सागरी इग्वाना हा मोठा सरडा तर याहून स्पष्ट उदाहरण. त्याला धोक्याची हाक देताच येत नाही. पण तिथल्या ससाण्याला पाहून मॉकिंगबर्ड हा पक्षी ओरडला की इग्वाना सावध होतो. तो त्या पक्ष्याला परत काय सांगणार? इथे मैत्री नाही, चोरून ऐकणं आहे.

‘जन्मतःच येते’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण खरी गोष्ट त्याहून कितीतरी सुंदर आहे. ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ रॉबर्ट मॅग्राथ आणि त्यांचे सहकारी फेअरी-रेन नावाच्या इवल्याशा पक्ष्यावर वर्षानुवर्षं काम करत आहेत. जिथे नॉइझी मायनर हा पक्षी शेजारी राहतो, तिथले रेन त्याची हाक ऐकून झुडपात पळतात. थोड्याच अंतरावर, जिथे मायनर नाही, तिथले रेन तीच हाक ऐकून ढिम्म. पुढे २०१५ साली त्यांनी रेनना कधीच न ऐकलेला आवाज ऐकवला आणि त्याच क्षणी शिकारी पक्ष्यासारखी आकृती डोक्यावरून सोडली. थोड्याच दिवसांत नुसता आवाज ऐकून पक्षी पळायला लागले. २०१८ साली तर आकृतीही वगळली. अनोळखी आवाज ओळखीच्या हाकांच्या गलक्यात मिसळून ऐकवला, तेवढ्यावर पक्षी शिकले. धोका डोळ्यांनी न बघता, केवळ इतरांचं ऐकून.

एकच सामाईक ‘जंगलाची भाषा’ही नाही, जो तो आपल्या कामाचं तेवढंच ऐकतो. ताईमधल्या धनेश पक्ष्यांना डायना माकडाची गरुडासाठीची हाक आणि बिबट्यासाठीची हाक वेगळी ओळखता येते. गरुडाच्या हाकेला ते प्रतिसाद देतात, बिबट्याच्या हाकेकडे दुर्लक्ष करतात, कारण बिबट्या त्यांचं काही वाकडं करत नाही.

आता खोटं बोलण्याचं. आपल्याकडे तारेवर बसणारा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल सगळ्यांनी पाहिलाय. त्याचा आफ्रिकन भाऊबंद कालाहारी वाळवंटात राहतो. मीरकॅट हा मुंगसासारखा छोटा प्राणी किंवा सातभाईच्या जातीतला पक्षी माती उकरून किडा बाहेर काढतो, तेवढ्यात हा धोक्याची हाक देतो. समोरचा किडा टाकून पळतो, कोतवाल खाली झेप घेऊन तो उचलतो. धोका नसतोच. टॉम फ्लॉवर या अभ्यासकाने २०१४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे मांडलं. एक हाक शिळी झाली, समोरचा फसेना, की कोतवाल दुसऱ्याच प्राण्याच्या हाकेची नक्कल करतो. आणि हे चालतं कशामुळे? शिकारी खरंच आला तर तो खरीही हाक देतो. ऐकणाऱ्याला ती सोडून देणं परवडत नाही.

राहिला ‘कॉल म्हणजे वाघ तिथेच’. वानर बिबट्याला ओरडतं, कुत्र्यालाही ओरडतं. एकदा पाणवठ्यावर पाहिलेलं सांगतो. वर वानर खॅकरलं. खालच्या चितळांनी माना वर केल्या, पण पळालं कुणी नाही. एका म्हाताऱ्या मादीने आधी वानराकडे पाहिलं, मग वानर जिकडे बघत होतं तिकडे. कान पुढे, एक पुढचा पाय उचललेला. अर्धा मिनिट गेला असेल. तिने पाय खाली ठेवला आणि पाण्याला तोंड लावलं. दहा मिनिटांनी पलीकडून सांबर ‘ढँक’ करून ओरडलं, तेव्हा मात्र तिने पाय आपटला, शेपटी उभी केली आणि अख्खा कळप एका दमात नाहीसा झाला. कुणाचं किती ऐकायचं हे ती तोलत होती.

त्याच वेळी आमच्या मागे तीन जिप्सी आल्या, ‘कॉल झाला, कॉल झाला’ करत, इंजिनं चालू. मॅग्राथ यांच्याच गटाने दाखवलंय की गोंगाटात रेनना धोक्याची हाक नीट ऐकू येत नाही, ते कमी वेळा पळतात. आमच्या गाईडने मागे वळून हात वर केला आणि तिन्ही गाड्या बंद करायला लावल्या. सांबर अजून ओरडत होतं, पण ते आम्हाला ऐकू आलं ते तेव्हा.