‘पाच मिनिटांत कामाचा माणूस ओळखा’: या सल्ल्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना इथल्या कारखानदारांच्या आणि ठेकेदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: मराठवाड्यातली पोरं काम टिकवत नाहीत, म्हणून भरती करताना कागद बघू नका, माणूस बघा. वर्षात दोन कंपन्या बदलल्या असतील तर बेभरवशाचा. मुलाखतीला वेळेआधी आला तर कष्टाळू. ओव्हरटाइमला लगेच ‘हो’ म्हणाला तर निष्ठावान. आणि शेवटी मनाला विचारा, हा आपल्यात बसेल का? पाच मिनिटं पुरतात.

हे वाचून खरोखर भरती होते आणि चांगल्या पोरांच्या नावावर काट मारली जाते. म्हणून याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

‘वर्षात दोन कंपन्या बदलल्या.’ बायोडाटावर सात महिने, सहा महिने, पुन्हा सात महिने असं दिसलं की फाइल बाजूला पडते. पण यातल्या अनेकांनी काम सोडलेलंच नसतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सलग एक वर्षाची सेवा धरली, आणि त्यावर कामगार-कपातीची नोटीस, भरपाई असे हक्क बेतले. ते लागू होऊ नयेत म्हणून टेम्पररी कामगाराला सात महिन्यांच्या आसपास ‘ब्रेक’ द्यायची, म्हणजे २४० दिवस भरायच्या आत कामावरून कमी करायची रीत पडली. ब्रेक कंपनीनं द्यायचा आणि ‘टिकत नाही’ हा शिक्का पोरावर मारायचा, हा उघड अन्याय आहे.

विचारायचं ते असं. रोलवर, म्हणजे पगारपत्रकावर, कोणाच्या होता, कंपनीच्या की ठेकेदाराच्या? ब्रेक मिळाला की स्वतः सोडलं? ब्रेकनंतर परत बोलावलं का? त्याच लाइनवर दुसऱ्यांदा बोलावलेला माणूस म्हणजे सुपरवायझरनं पारखून घेतलेला माणूस. पडताळणी अवघड नाही. उमेदवाराला त्याच्या यूएएनवरून (पीएफच्या कायम खाते क्रमांकावरून) पीएफची सेवा-नोंद मोबाइलवर उघडायला सांगा. मालकाचं किंवा ठेकेदाराचं नाव, रुजू तारीख, सोडल्याची तारीख तिथं दिसते. ठेकेदार बदलला की जागा तीच असली तरी नाव बदलतं, हेही लक्षात ठेवा. मग उमेदवाराला विचारून जुन्या लाइन सुपरवायझरला फोन करा. ‘मुलगा कसा आहे?’ विचारलंत तर ‘चांगलाय’ एवढंच उत्तर येईल. ‘उद्या तुमच्याकडे जागा निघाली तर यालाच घ्याल का, आणि कोणत्या मशीनवर?’ असं विचारा.

‘वेळेआधी आला म्हणजे कष्टाळू.’ मुलाखत एक दिवसाची असते. त्या दिवशी लासूरहून किंवा बिडकीनहून निघालेली गाडी वेळेवर मिळाली एवढंच यातून कळतं. पहिली पाळी सकाळी सातची असेल तर प्रश्न रोजच्या येण्याचा आहे: वाळूजजवळच्या रांजणगावात किंवा पंढरपुरात रूम आहे का, कंपनीची बस कुठून सुटते, दुसरी पाळी सुटल्यावर रात्री घरी कसं जाणार? याचं नेमकं उत्तर ज्याच्याकडे आहे तो हजर राहायची शक्यता जास्त. ज्याच्याकडे नाही तो आळशी नसतो. त्याला बसच्या थांब्याची माहिती द्यावी लागते.

याला जोडून सुगीचाही आरोप येतो. सोयाबीनच्या काढणीला, साधारण दसऱ्याच्या आगेमागे, हजेरी पडते हे खरं आहे. घरी शेत आहे का आणि काढणीला किती दिवस लागतात, हे सर्वांना सरळ विचारून ठेवलं आणि लाइनवरच्या सुट्ट्या पाळीपाळीनं आधीच लावल्या, तर सांगून घेतलेली सुट्टी होते. विचारलंच नाही तर तीच सुट्टी दांडी म्हणून लागते.

‘ओव्हरटाइमला हो म्हणाला.’ मुलाखतीत सगळेच हो म्हणतात, म्हणून या उत्तरातून काहीच कळत नाही. उलट ‘दर काय आहे?’ असं विचारणारा खोडून टाकला जातो. जादा तासांना दुप्पट दर हा १९४८ च्या कारखाने अधिनियमापासूनचा हक्क आहे. तो माहीत असणं ही निष्ठेची उणीव नव्हे.

आता पाच मिनिटांचा मूळ दावा. गप्पांच्या ओघात घेतलेली मुलाखत आणि सर्वांना तेच प्रश्न विचारून गुण देत घेतलेली मुलाखत, यांतला फरक अनेक दशकं मोजला गेला आहे. निवडपद्धतींचे अभ्यासक मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुन्या अभ्यासांची फेरमांडणी केली. निवडीच्या वेळचा अंदाज आणि नंतरचं प्रत्यक्ष काम यांचा मेळ त्यात ० ते १ अशा मापानं दिला आहे: आखीव मुलाखतीचा ०.४२, मोकळ्या मुलाखतीचा ०.१९, कामाच्या नमुना-चाचणीचा ०.३३. आणि नुसत्या अनुभवाच्या वर्षांचा ०.०७. यातलं काहीच अचूक नाही, पण मनाचा कौल सर्वांत भरवशाचा, हे म्हणणं तरी टिकत नाही.

आखीव म्हणजे काय? पाच-सहा प्रश्न आधी लिहायचे, त्या जागेसाठी आलेल्या सर्वांना तेच आणि त्याच क्रमानं विचारायचे. उदाहरणार्थ: ‘तुमच्या हातून जॉब (मशीनवर केलेला नग) रिजेक्ट गेला ती शेवटची वेळ सांगा. पुढच्या दहा मिनिटांत काय केलं?’ गुण कशाला, हेही आधी ठरलेलं हवं. ‘माझ्याकडून कधी जातच नाही’ याला १. ‘सुपरवायझरला सांगितलं’ याला ३. ‘मशीन थांबवली, आधीचे पाच-दहा नग तपासले, खराब वेगळे काढले, मग सांगितलं’ याला ५. दोघांनी मुलाखत घ्यायची, गुण वेगवेगळे लिहायचे आणि लिहून झाल्यावरच बोलायचं. आधी बोलणं झालं की धाकटा मोठ्या साहेबांच्या आकड्याजवळ सरकतो, आणि दोन माणसं बसवल्याचा फायदा गेला.

सचोटी बघायची तर हातात काम द्या. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचा ऑपरेटर किंवा तपासनीस यांच्या जागेसाठी ही चाचणी पुरेशी आहे. टेबलावर २५ मिमी, अधिक-उणे ०.१ असं माप लिहिलेलं ड्रॉइंग, लेथवर टर्निंग केलेले पाच नग आणि एक व्हर्नियर (जबड्यांत धरून माप घ्यायचं साधन) ठेवा. व्हर्नियर मुद्दाम शून्यावर न बसणारा घ्या, जबडे मिटले तरी ०.०४ दाखवणारा. एका नगाचं खरं माप २५.०८ हवं, म्हणजे चांगला, एकाचं २५.१६, म्हणजे बाद. जबडे पुसून शून्य न तपासणाऱ्याला पहिला नग २५.१२ दिसतो आणि तो चांगला माल फेकतो. शून्य तपासणारा ०.०४ वजा करतो, किंवा ‘हा व्हर्नियर चुकीचा आहे, दुसरा द्या’ म्हणतो. बाद नग तो बाजूला ठेवतो की परत ढिगात सरकवतो, आणि खात्री नसेल तर विचारतो की ठोकून आकडा लिहितो, ते बघा. पंधरा मिनिटं लागतात. शून्य तपासायला कोणी शिकवलंच नसेल तर ती सवय शिकवून येते, त्याचे गुण कमी कापा. न मोजता आकडा लिहिणारा मात्र पाळीतल्या तपासणी-पत्रकातही तेच करेल. मालाचा लॉट ग्राहकाकडून परत येतो तो अशा पत्रकांमुळे.

अक्षरावरून स्वभाव ओळखण्याची जोड काही जण या सल्ल्याला देतात. त्याला आधार नाही, त्यावर वेळ घालवू नये.

‘आपल्यात बसेल का?’ सगळ्यांत जास्त नुकसान हा प्रश्न करतो. समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी अमेरिकेतल्या नामांकित कंपन्यांच्या भरतीचा अभ्यास २०१२ मध्ये मांडला; तिथंही ‘जुळतो’ याचा अर्थ बऱ्याचदा आवडीनिवडी आणि घडण आपल्यासारखी, एवढाच निघाला. आपल्याकडे हाच प्रश्न ‘गाव कोणतं, पाहुणे कोण’ या वाटेनं आडनावावर आणि जातीवर जाऊन थांबतो, हे सर्वांना माहीत आहे आणि ते स्पष्ट बोललं पाहिजे. मुलींना ‘लग्न कधी करणार?’ विचारलं जातं. स्त्री म्हणून भरतीत भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यानं मनाई केली, आणि २०१९ च्या वेतन संहितेत ती कायम आहे.

कंपनीची संस्कृती खरोखर महत्त्वाची वाटत असेल तर ती कृतीत लिहा. ‘आम्ही कुटुंबासारखे आहोत’ हे मोजता येत नाही. ‘पाळी बदलताना मशीनची अडचण वहीत लिहूनच निघायचं’, ‘सेफ्टी गार्ड काढून मशीन चालवायची नाही, सुपरवायझर म्हणाला तरी’, ‘नव्याला पहिले पंधरा दिवस जुन्यानं शिकवायचं’ ही संस्कृती. अशी चार-पाच वाक्यं झाली की त्यांवरून प्रश्न आपोआप सुचतात. आणि आपल्याच लाइनवर ती पाळली जात नसतील तर उमेदवाराकडे ती शोधू नयेत.

राहिला मूळ आरोप, पोरं टिकत नाहीत. पहिल्या महिन्यातच सोडून गेलेल्यांना पगाराबद्दल विचारा. सांगितलेला आकडा आणि हातात पडलेला आकडा यांत अंतर सापडेल. समजा ‘सोळा हजार’ सांगितले. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १४,००० असेल तर पीएफचे १२ टक्के म्हणजे १,६८० गेले. ईएसआयचे (कामगार विम्याचे) पूर्ण सोळा हजारांवर ०.७५ टक्के म्हणजे १२०. पुरुष कामगाराचा व्यवसाय कर २००. उरले १४,०००. त्यातून कॅन्टीन आणि रूमचं भाडं. घरी सोळा सांगून निघालेल्या पोराला पहिल्या पगारात धक्का बसतो, आणि गावाकडचाच कोणी दुसऱ्या गेटवर पाचशे जास्त मिळतात म्हणाला की तो जातो.

म्हणून निवड पक्की करण्याआधी हा हिशेब कागदावर लिहून हातात द्या. ज्या जागेवर काम करायचं तिथं पाळी चालू असताना अर्धा तास उभं करा. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीजवळची जागा असेल तर एप्रिल-मेच्या दुपारीच दाखवा. उभ्यानं काम किती तास, जेवणाची सुट्टी किती, रात्रपाळी महिन्यात किती आठवडे, रोल कोणाचा, ब्रेक देणार की नाही, हे तोंडी न सांगता त्याच कागदावर उतरवा. एक रात्र घरी विचार करायला द्या. काही जण येणार नाहीत. ते रुजू होऊन आठव्या दिवशी गेले असते तर गणवेश, सेफ्टी शूज आणि शिकवणाऱ्याचे आठ दिवस वाया गेले असते.