"काकू, सेमच आहे, निम्म्यात पडेल"

पंचवटीतल्या एका मेडिकलमध्ये आईला हे सांगितलं गेलं आणि तिने डोळ्याच्या थेंबांची बाटली घेतली. आईला मी दोष देत नाही. बाबा गेल्यापासून ती पेन्शनमध्ये सगळं बसवते आणि औषधासाठी माझ्याकडे पैसे मागणं तिला जड जातं. मेडिकलवाल्यानेही भलं करतोय असं समजूनच दिलं असणार. पण पुढच्या तीन महिन्यांत जे झालं ते लिहायलाच हवं, कारण घरोघरी हेच चालतं.

आईला काचबिंदू आहे. अजूनही लोक ऐकतात मोतीबिंदू आणि म्हणतात, "करून टाका ना ऑपरेशन." मोतीबिंदूत लेन्स बसवली की पुन्हा दिसायला लागतं. काचबिंदूत बहुतेक वेळा डोळ्यातलं पाणी नीट वाहून जात नाही, आतलं प्रेशर वाढतं आणि मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. सुकलेली नस परत येत नाही. आधी कडेची नजर जाते, मधलं स्वच्छ दिसत राहतं. आई पोथी वाचत होती, सुईत दोरा ओवत होती, आणि तेव्हाच फील्ड टेस्टमध्ये (कडेपर्यंत किती दिसतं ते तपासणाऱ्या चाचणीत) तिच्या डाव्या डोळ्याचा एक कोपरा काळा आला होता.

डॉक्टरांनी लॅटॅनोप्रोस्ट दिलं, रोज रात्री एक थेंब. प्रेशर 24 वरून 16 वर आलं.

मेडिकलमधून आलेली बाटली टिमोलॉलची होती. तेही काचबिंदूचंच औषध, जुनं आणि स्वस्त. ज्यांना चालतं त्यांना उत्तम चालतं. पण ते बीटा ब्लॉकर आहे, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या औषधांपैकी. डोळ्यातला थेंब आतल्या कोपऱ्यातून नाकात उतरतो, तिथून रक्तात जातो आणि दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळू शकतो. ज्यांच्या हृदयाचे ठोके मुळातच मंद आहेत त्यांनाही ते धोक्याचं. आईला वीस वर्षांपासून दमा आहे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी "पंप घेता का?" असं विचारून टिमोलॉल मुद्दाम टाळलं होतं. हे कारण चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं, आणि काउंटरवर कोणी विचारत नाही.

डिसेंबर होता. आई जिन्यात दोनदा थांबायला लागली, रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. आम्ही सगळं खापर नाशिकच्या गारठ्यावर फोडलं आणि पंपाचा डोस वाढवून आणला. डोळ्याच्या थेंबाने दम लागू शकतो हे घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

फेब्रुवारीत तपासणीला गेलो. डॉक्टरांनी पिशवीतली बाटली पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "आईंना दम लागतोय का?" प्रेशर 22 निघालं. टिमोलॉल साधारणपणे दिवसातून दोनदा टाकतात; आई जुन्या सवयीने रात्रीच एकदा टाकत होती. थेंब बदलल्यावर काही दिवसांतच तिचा दम उतरला. त्या तीन महिन्यांत नसेचं किती नुकसान झालं ते पुढच्या फील्ड टेस्टला दिसेल.

स्वस्त औषधाला माझा विरोध नाही. जनऔषधी केंद्रातून आमच्याही घरी बीपीच्या गोळ्या येतात. पण बीपी घरच्या मशीनवर कळतं, ताप हाताला लागतो. काचबिंदूत बहुतेक वेळा डोळा दुखत नाही, अंधुक होत नाही, औषध लागू पडतंय की नाही हे पेशंटला कळायला मार्गच नाही. म्हणून इथे बदल करायचाच तर डॉक्टरांना सांगून, आणि चार-सहा आठवड्यांनी प्रेशर मोजून. नियमही हेच सांगतो: औषधे नियम, 1945 मधल्या नियम 65 प्रमाणे अनुसूची एचमधलं (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं) औषध चिठ्ठीवर असेल तर त्याच्या जागी दुसरं देता येत नाही, घटक तोच असला तरीही.

आणखी एक, कारण हेही सर्रास होतं. थेंबांनी डोळे लाल झाले की मेडिकलमधून "लालीचे ड्रॉप" आणायचे. त्यात स्टेरॉईड असेल तर जे प्रेशर उतरवायला पैसे मोजतोय तेच चढतं.

पैशाची अडचण डॉक्टरांना सांगायला लाजू नका. आईने सांगितली तेव्हा त्यांनी तेच लॅटॅनोप्रोस्ट कमी किमतीच्या कंपनीचं लिहून दिलं. काही पेशंटना लेसरही करता येतो, मग थेंब कमी होतात किंवा काही वर्षं लागतही नाहीत. बाटलीच्या किमतीपेक्षा महिन्याचा हिशोब धरा. दोन डोळ्यांना महिन्याला साठ थेंब लागतात, आणि मोठा थेंब पडणारी स्वस्त बाटली आधीच संपते. एका वेळी एकच थेंब; डोळ्यात त्याहून जास्त मावत नाही, दुसरा गालावर ओघळतो. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरला तर औषध रक्तातही कमी जातं.

आता बाटली उघडली की मी तिच्यावर पेनाने तारीख घालतो, कारण लॅटॅनोप्रोस्ट उघडल्यापासून सहा आठवडेच वापरायचं. न उघडलेली फ्रीजमध्ये. उन्हाळ्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा उघडलेलीही तिथेच. आणि मेडिकलमध्ये आई एकटी जात नाही. चिठ्ठी आणि बाटली शेजारी धरून नाव अक्षर न् अक्षर जुळवल्याशिवाय मी पैसे देत नाही.

तुमच्या घरात कुणी काचबिंदूचे थेंब टाकत असेल तर आज रात्री टाकण्याआधी बाटलीवरचं नाव चिठ्ठीशी जुळवून बघा. जुळलं नाही तर थेंब आपल्या मनाने बंद करू नका, सकाळी डॉक्टरांना फोन करा. दम लागत असेल तर मात्र सकाळची वाट बघू नका.